कोणत्या झाडाखाली?

वैशाखऱ्यावरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता वाटसरूंचा आहे. भिक्षेकरी, घोंगडीवाले, भंगार गोळा करणारे असे कितीतरी जण या वाटेने जातात-येतात; त्यांचे नावगाव कोणी विचारीत नाही. एका रविवारी मिस्सानंतर एक माउली भ्रमणध्वनी हाती घेऊन आमच्यापाशी आली. मुले पळविणारी टोळी या भागात उतरल्याचा निरोप त्यावर होता, आणि तो तिने दहा घरी धाडला होता. "फादर, मी तर फक्त पुढे पाठवला. यात पाप कसले?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. लेकरांच्या काळजीपोटी केलेल्या कृतीला पाप म्हणणे जड जाते. परंतु आम्हांला राईनपाडा आठवला. १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातून ही माणसे पोटासाठी तेथे आली होती. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतील होती. खेळणाऱ्या मुलाला दोघे जण दुचाकीवरून उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ फीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली. तिच्या अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. पाहणाऱ्याने काय म्हणावे? आपल्या डोळ्यांनी पाहिले, असेच तो म्हणणार!

मग कोणती बातमी ग्राह्य मानावी? छापलेली तीच खरी, हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. वृत्तपत्रेही चुकतात, आणि पाड्यावरचा साकव वाहून गेला, तर पहिली बातमी तेथली ठाकर आजीच देते. तिचा शब्द हलका कसा मानावा? वृत्तपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचे नाव असते. १८६७ च्या कायद्याने ते बंधनकारक झाले. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे ठाऊक असते. आजीलाही तिच्या उंबऱ्यावर जाऊन विचारता येते.

उपवासकाळात आपण दानिएलच्या ग्रंथातील सुझान्नाची कथा ऐकतो. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. त्यांचे पद पाहून लोक विश्वास ठेवतात आणि तिला मृत्युदंड ठरतो. तरुण दानिएल दोघांना वेगळे करून एवढेच विचारतो, तुम्ही त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिले? उत्तरे जुळत नाहीत. पुढे धाडलेल्या निरोपाला हा प्रश्न विचारावा तरी कोणाला? आणि तरीही त्या दहा घरांनी तो खरा मानला, तो या माउलीच्या भरवशावर. न पाहिलेल्या गोष्टीची ती नकळत साक्षीदार झाली होती.

आम्ही तिला विचारले, तुला हा कोणाकडून आला? भावजयीकडून. भावजयीला? तिच्या शेजारणीकडून. शेजारणीला कोणी दिला, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांवर लक्ष ठेवावे, संशय आलाच तर पोलीस पाटलांना कळवावे, असे आम्ही सुचविले. त्या दहा घरी मात्र ती स्वतः पायी गेली. दोन घरांतून निरोप आधीच पुढे गेला होता.