रक्ताचे नाते आणि लळ्याचे नाते

गेल्या आषाढीच्या वाटेवर तरडगावच्या मुक्कामी एक माळकरी गृहस्थ आपल्या कुटुंबासह आमच्या राहुटीत आले. बरोबर चौदा वर्षांची मुलगी होती. संध्याकाळच्या हरिपाठाला तिने असा गोड सूर लावला होता, की दिंडीतली म्हातारी माणसेही माना डोलवू लागली होती. मुलगी पाण्याला गेली, तसे ते गृहस्थ जवळ सरकून हळूच म्हणाले, "माउली, एक इचारायचं हाय. पोर आमच्या पोटची न्हाई. सहा महिन्यांची हुती तवा कायद्यानं दत्तक घेतली. तिला अजून ठावं न्हाई. भाऊबंद म्हणत्यात, खाण तशी माती, रगत कवा तरी बोलणारच. तिला सांगावं का न सांगावं?" बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या एवढेच म्हणाल्या, "कळल्यावर ती आमची ऱ्हाईल का हो?"

आम्ही उत्तर दिले, "लग्न होईपर्यंत राहू द्या. पुढचे विठोबा पाहून घेईल." गृहस्थांना हायसे वाटले. बाई मात्र काही बोलल्या नाहीत. उठून डोईवरून उतरवलेल्या तुळशीला पाणी घालू लागल्या.

वाचकहो, ते आमचे उत्तर घाईचे होते, आणि आज आम्हांला वाटते की ते चुकीचेही होते. अवघड प्रश्न आला की विठोबाचे नाव पुढे करून आपण मोकळे व्हायचे, ही भक्ती नव्हे, ही पळवाट होय. त्या माउलींचे ऋण फेडावे म्हणून हा लेख.

प्रश्न दोन आहेत. रक्त खरोखरच माणसावर राज्य करते काय? आणि मुलापासून त्याच्या जन्माची गोष्ट लपवावी काय?

पहिल्या प्रश्नाचा शोध पंडितांनी फार घेतला आहे. त्यासाठी त्यांना जन्मतःच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरी दत्तक गेलेली जुळी भावंडे मिळाली. रक्त एक, घरे दोन; मग कोणाचा वाटा किती, हे तोलता येईल असे त्यांना वाटले. अमेरिकेत ओहायो प्रांतात १९४० साली जन्मलेले दोन जुळे भाऊ असेच वेगळे वाढले आणि १९७९ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, पुन्हा भेटले. पाहतात तो काय, दोघांचेही नाव जिम! दोघांच्या पहिल्या बायका लिंडा, दुसऱ्या बेटी, आणि लहानपणच्या कुत्र्यांचेही नाव एकच. वर्तमानपत्रांनी केवढा गवगवा केला! त्याच साली मिनेसोटा विद्यापीठात प्रा. थॉमस बुशार्ड यांनी अशा जुळ्यांचा अभ्यास आरंभला. पुढील वीस वर्षांत शंभरावर जोड्या त्यांनी तपासल्या. बुद्धीच्या परीक्षेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ७० टक्के जन्मजात घडणीशी निगडित असावा, असा निष्कर्ष त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला.

म्हणजे भाऊबंदांचेच खरे ठरले की काय? थोडे थांबावे. बायकोचे नि कुत्र्याचे नाव काही रक्तात वाहत नाही; तो योगायोगच म्हणावा लागेल. सारखेपणा मोजायला बसले म्हणजे तो सापडत जातो, आणि वेगळेपणाकडे कोणी पाहत नाही. त्या दोन भावांत एक बोलण्यात बरा होता, तर दुसरा लिहिण्यात. शिवाय पंडितांचा तो आकडा पुष्कळ माणसांमधील फरकाचा आहे. एका माणसात रक्त किती आणि शिकवण किती, हे तो सांगत नाही. बुद्धी तल्लख असणे वेगळे आणि ती बुद्धी कोणाच्या कामी लावावी हे ठरवणे वेगळे. सुरी धारदार आहे म्हणून ती भाजी चिरील की गळा, हे का कोणी सांगू शकेल? मुलीचा गळा गोड आहे; तो तिला जन्माने मिळाला असेल. पण त्या गळ्यात हरिपाठ कोणी घातला?

आपल्या शास्त्राने ही गोष्ट तीन शब्दांत सांगून ठेवली आहे : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आम्ही तिचा अर्थ असा लावतो. जन्मदात्यांकडून आलेला देह आणि वाढवणाऱ्या घराची शिकवण ही दोन्ही आपल्याला न मागता मिळालेली, म्हणजे प्रारब्धाच्याच बाजूची. त्यांचा अभिमानही फुका आणि त्यांची लाजही फुका. या क्षणी मुखात नाम घ्यावे की निंदा, हे क्रियमाण. ते आपल्या हाती. रक्त बोलेल, म्हणून भिण्याचे कारण नाही. शेवटचा शब्द त्याचा नसतो.

आता दुसरा प्रश्न. खरी दुखरी जागा इथेच आहे.

न्यूयॉर्क शहरात लुईस वाइज सर्व्हिसेस नावाची मुले दत्तक देणारी एक जुनी संस्था होती. १९६० च्या सुमारास या संस्थेने काही जुळी भावंडे मुद्दाम वेगवेगळ्या घरी दिली. जुळ्यांना वेगळे वाढवले तर प्रत्येकाला आईचे लक्ष पुरते मिळते, असा युक्तिवाद होता. आणि पीटर न्यूबाउर नावाचे मनोवैद्य या मुलांच्या वाढीची टिपणे ठेवीत होते. मुलाला जुळे भावंड आहे हे दत्तक घेणाऱ्या आईबापांना कोणी सांगितले नाही. मुलांची वाढ पाहायला माणसे घरी येत; खरे कारण कोणी बोलत नसे.

१९६१ साली जन्मलेले तिघे भाऊ असे तीन घरी गेले. १९८० साली त्यांतला एक महाविद्यालयात पहिल्याच दिवशी पोचला, तो अनोळखी मुले त्याला दुसऱ्याच नावाने हाका मारून मिठ्या मारू लागली; त्याचा भाऊ आदल्या वर्षी तिथेच होता! वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून तिसराही आला. तिघांचा आनंद गगनात मावेना. पण १९९५ साली त्यांतील एकाने स्वतःचे जीवन संपवले. त्याचे कारण एका गोष्टीत सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि ज्यांची बालपणे चोरली गेली त्यांचे दुःख भेटीने संपत नाही, एवढे उघड आहे.

१९६८ साली जन्मलेल्या पॉला बर्नस्टीन आणि एलिस शाइन या जुळ्या बहिणींची हीच कथा. एलिसने आपल्या जन्मदात्या आईची चौकशी केली, तेव्हा आपल्याला जुळी बहीण आहे हे तिला कळले. २००४ साली, पस्तिसाव्या वर्षी, दोघी भेटल्या. त्या वृद्ध डॉक्टरांनाही जाऊन भेटल्या. पण त्यांना पश्चात्ताप झालेला बहिणींना दिसला नाही. २००७ साली दोघींनी मिळून आपली हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. त्या डॉक्टरांची टिपणे येल विद्यापीठात २०६५ सालापर्यंत मोहोरबंद ठेवण्यात आली. मुलांची गोष्ट, आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलांना आपण दत्तक आहोत हे ठाऊक होते. दत्तक गेल्याचे दुःख ते करीत नव्हते. वाढवणाऱ्या आईबापांना त्यांनी आईबापच मानले. जखम झाली ती लपवण्याने.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? कुंतीने कर्णाला नदीत सोडले, अधिरथाने आणि राधेने त्याला वाढवले. युद्ध तोंडावर आले तेव्हा कृष्णाने आणि मग कुंतीने त्याला खरे सांगितले. कर्णाने काय केले? राज्य मिळत असताही राधेला सोडले नाही. माझी आई राधाच, असेच तो म्हणाला. बाईंच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे! खरे कळल्याने लळा तुटत नाही. तो अधिक ठाम होतो. पण गुपित फार उशिरा उघडले. भावाने भावाला मारले, आणि तर्पणाच्या वेळी धर्मराजाला कळले, की ज्याच्या मृत्यूचा आपण आनंद केला तो आपलाच थोरला भाऊ. कर्णाचा घात रक्ताने केला नाही, राधेच्या प्रेमानेही केला नाही. न सांगण्याने केला.

आणि यशोदा? कान्हा देवकीचा हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून कोणी यशोदेचे आईपण एका रतीने तरी कमी केले आहे काय? जनाबाई गंगाखेडची, लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि नामयाची दासी म्हणून अजरामर झाली. त्या घराने तिला जन्म दिला नव्हता. तिने कधी ते लपवलेही नाही.

तेव्हा त्या माउलींना आमचे आता असे सांगणे आहे. लग्नापर्यंत थांबू नका. लग्नाच्या मांडवात कोणी भाऊबंद रागाने बोलून जाईल, त्याआधी तुमच्या तोंडून, तुमच्या मांडीवर तिचे डोके असताना तिला कळू द्या. चौदा वर्षे उशीर झालाच आहे. त्याची क्षमा तिच्याकडे मागा. आईने लेकीची क्षमा मागण्यात कमीपणा नाही. ती रडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तिला बोलण्याची घाई करू नका. तिने जन्मदात्रीविषयी विचारले तर त्या अनोळखी बाईची निंदा करू नका. तिनेच तुमच्या ओटीत हे लेकरू घातले. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याची वाट आपल्या नियमांनीही ठेवली आहे. तिला जायचे असेल तर अडवू नका, बरोबर जा.

भाऊबंदांना सांगा, की १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येते, आणि रीतसर झालेले दत्तक मग कोणालाच मोडता येत नाही. पोटच्या मुलीइतकाच तिचा घरात हक्क आहे. आणि हेही सांगा, की आपण वाटेवर ज्याला त्याला माउली म्हणतो, त्यातल्या किती माउलींनी आपल्याला जन्म दिला? विठोबाला आई म्हणताना आपण कोणते रक्त तपासले?

त्या दिवशी राहुटीतून निघताना बाई मागे वळून पाहत होत्या. उत्तर मिळाले नाही, हे त्यांना तेव्हाच कळले होते. हा अंक त्यांच्या गावी जातो. वाचला असेल, तर येत्या वारीत तिघांनीही आमच्या राहुटीत यावे. पोरीने हरिपाठ म्हणावा, आणि आम्ही टाळ धरावा.

रामकृष्णहरि.