सूर्याने दिलेली छत्री

देह नाशवंत आहे, हे मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो आहे. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर, तेराव्याला यजमानांच्या घरी, वर्षश्राद्धाला पानावर बसण्याआधी. भिक्षुकी हा माझा पिढीजात व्यवसाय आणि वाई हे माझे गाव. आणि रोज घरून निघताना मी आरशासमोर उभा राहून चेहऱ्याला आधी मॉइश्चरायझर लावतो, ते मुरले की वरून सनस्क्रीन. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असे मला अनेकांनी विचारले आहे. विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

आधी दुखणे काय ते सांगतो. मला रोझेशिया आहे. गोऱ्या माणसाच्या गालावर तो लालबुंद दिसतो, आपल्या सावळ्या कातडीत लाली लपते. राहते ती आग, नाकाच्या दोन्ही बाजूंना उठणारे बारीक पुटकुळ्यांचे पुंजके आणि साध्या पाण्यानेही चुरचुरणारी त्वचा. लोकांना वाटते पित्त उठले आहे, नाहीतर या वयात तारुण्यपीटिका आल्या. हा आजार मुळासकट जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. त्याला चेतवणाऱ्या गोष्टींची यादी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितली तेव्हा मी गप्पच झालो: ऊन, विस्तवाची धग, गरम चहा, तिखट. भिक्षुकाचा दिवस याच गोष्टींवर चालतो. उघड्या घाटावर दुपारपर्यंत पिंडदान, मग कुणाकडे वास्तुशांतीचा होम. धगीवर कोणतेही क्रीम चालत नाही, तिथे होमकुंडापासून आसन हातभर मागे घेणे आणि आहुतीची पळी लांब दांड्याची वापरणे एवढेच हाती असते. उन्हावर मात्र उपाय आहे.

पण तो उपाय निवडणे सोपे नाही. बिघडलेल्या त्वचेला जे सुखावते म्हणून लोक सांगतात, तेच बहुधा तिला जाळते. थंडावा देणाऱ्या मलमांत कापूर आणि मेंथॉल असते, ते माझ्या गालांना सोसत नाही. कापूर आरतीत हवाच, गालावर नको. लिंबू चोळायला सांगणारे भेटतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर धडधाकट कातडीवरही फोड उठतात आणि काळे डाग मागे राहतात. त्यामुळे मी डबीवरची गुलाबाची चित्रे बघणे सोडले आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचू लागलो. सुगंध नको. स्पिरिट नको. ग्लिसरीन असावे, ते पाणी धरून ठेवते. सेरामाइड असावे, कारण तो स्निग्ध पदार्थ त्वचेत मुळातच असतो आणि अशा त्वचेचा बांध ढासळलेला असतो. नवी ट्यूब आणली की आधी कानामागे, जबड्याच्या कडेला थोडी लावून काही दिवस थांबतो. चेहऱ्यावर ती मग येते.

सनस्क्रीनचे म्हणाल तर डब्यावरचा एसपीएफचा आकडा फक्त कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा असतो. ३० चे सनस्क्रीन त्यांतले सुमारे ९७ टक्के अडवते, ५० चे सुमारे ९८. आकडा वाढला म्हणून रक्षण दुप्पट होत नाही. खोलवर जाणारे यूव्हीए किरण ढगातून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हे बघायची. काही रासायनिक गाळण्या माझ्या डोळ्यांच्या कडांना झोंबतात, म्हणून मी झिंक ऑक्साइडचे वापरतो. साधे झिंक ऑक्साइड सावळ्या चेहऱ्यावर लावले की राख फासल्यासारखे दिसते. त्यावर तोड म्हणजे रंग मिसळलेले सनस्क्रीन. तो रंग असतो आयर्न ऑक्साइडचा. आपण ज्याला गेरू म्हणतो त्याचा रंगही आयर्न ऑक्साइडचाच, आणि रसशास्त्रातले यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड. हे कळले तेव्हा त्या ट्यूबबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. (म्हणून कुणी भस्माची पुडी आणून तोंडाला चोळू नये. सनस्क्रीनमध्ये कण किती बारीक आणि किती सारखे पसरलेले, यावर सगळे अवलंबून असते.) या आयर्न ऑक्साइडमुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडतो, म्हणून गालावर वांग असलेल्या बायकांना हे जास्त उपयोगी.

आता आक्षेपाकडे येतो. आमच्यातले एक ज्येष्ठ गुरुजी मला म्हणाले, "अरे, ज्या सूर्यनारायणाला तू अर्घ्य देतोस, त्याच्यासमोर तोंडाला लेप फासून उभा राहतोस? त्याचे तेज अंगावर घ्यायचे की अडवायचे?" त्यांचे सगळे आयुष्य उन्हात गेले आहे आणि त्यांनी कधी डोक्यावर उपरणेसुद्धा घेतले नाही. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, काळजी होती. त्यांना वाटत होते, मी एका पायरीवरून घसरतो आहे.

ब्रह्मचाऱ्याने अभ्यंग, अंजन, सुगंध टाळावा असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ते मला ठाऊक आहे. पण तो नियम गुरुगृही शिकणाऱ्या मुलाचा. गृहस्थाला शास्त्र वेगळे सांगते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात अंगाला तेल लावण्याची थोरवी आहे, आणि ऊन, वारा, धूळ, पाऊस यांपासून वाचवणारी म्हणून छत्री वापरावी असेही तिथेच आहे. तरी वैद्यकाचा आधार मला पुरत नव्हता. वैद्यक पथ्य सांगते. गुरुजींचा प्रश्न श्रद्धेचा होता.

त्याचे उत्तर मला माझ्याच कामात मिळाले. आपल्याकडे मृताच्या नावाने जी दाने देतात त्यांत छत्री आणि चपला असतात. पुढच्या तापलेल्या वाटेवर जिवाला पोळू नये, ही त्यामागची भावना. माझ्या घराच्या माळ्यावर दानात आलेल्या छत्र्यांची जुडी पडून असते. ही प्रथा आली कुठून, हा प्रश्न महाभारतात युधिष्ठिराने भीष्मांना विचारला आहे, अनुशासनपर्वात. भीष्म गोष्ट सांगतात ती जमदग्नी आणि रेणुकेची. माहूरच्या गडावर आपण जिला शरण जातो तीच रेणुका. जमदग्नी बाण सोडत होते आणि ती धावत जाऊन ते आणून देत होती. जेठाचे ऊन, भर दुपार. तिचे डोके तापले, पाय पोळले, म्हणून ती घटकाभर झाडाच्या सावलीला थांबली. उशीर का झाला, असे ऋषींनी रागाने विचारल्यावर तिने खरे ते सांगितले. तेव्हा जमदग्नींनी धनुष्य उचलले ते सूर्यावर. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात खाली आला. मी तापतो म्हणून पाऊस पडतो, पावसाने अन्न पिकते, असे त्याने समजावले. जमदग्नी ऐकेनात. शेवटी सूर्य शरण आला आणि ऋषी म्हणाले, तुझ्या किरणांतून चालणे सुसह्य होईल असा उपाय तूच कर. तेव्हा सूर्याने स्वतःच्या हाताने छत्री आणि चपला दिल्या.

या गोष्टीत मला फार मोठा दिलासा आहे. सूर्याने आपले तापणे थांबवलेले नाही, आणि ते थांबवावे असा हट्टही शेवटी उरत नाही. त्याच्या तेजावर अन्न पिकते हे खरे, आणि रेणुकेचे पाय पोळले हेही खरे. दोन्ही खरे ठेवून मधे सावली आली, आणि ती ज्याने दिली तो स्वतः सूर्य. मग त्याच्यासमोर सावली धरून उभे राहण्यात अवमान कसला? मी गुरुजींना हेच सांगितले. सकाळचे अर्घ्य मी उघड्या चेहऱ्याने देतो, तेव्हाचे ऊन कोवळे असते आणि तसे उभे राहणे मला आवडते. मध्यान्ह संध्येला चेहऱ्यावर लेप असतो. दोन्ही वेळी ओंजळीतले पाणी तेच असते आणि भावही तोच.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. सूर्याचे राहू दे, पण देह आपला नव्हे असे सांगणाऱ्याने देहाचे एवढे लाड का करावेत? याला सर्वांत स्वच्छ उत्तर मला एका बौद्ध ग्रंथात सापडले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला नाव मिलिंदाचे आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, ते याच जोडीवरून. राजा विचारतो, भिक्खूंना शरीर प्रिय असते का? नाही. मग तुम्ही त्याला जपता कशाला? नागसेन उलट विचारतात, राजा, लढाईत तुला कधी बाण लागला होता का? त्या जखमेला तू लेप लावलास, तेल लावलेस, पट्टी बांधलीस, म्हणजे ती जखम तुला प्रिय होती का? राजा म्हणतो, नाही, मांस भरून यावे म्हणून ते केले. नागसेन म्हणतात, भिक्खू शरीराला तसेच जपतात, धर्माचरण चालू राहावे म्हणून.

यातले निम्मे मी जसेच्या तसे घेतो. क्रीम लावणे म्हणजे चेहऱ्यावर भाळणे नव्हे, हे नागसेनांनी दोन हजार वर्षांपूर्वी निकालात काढले. गालाची आग होत असताना माझे मन मंत्रात लागत नाही, सगळे ध्यान गालापाशी जाते. लेप लावला की चेहरा विसरता येतो. ज्याला देहाचा विसर पडावा असे वाटते, त्याने देहाचे दुखणे आधी शांत करावे.

पण देह म्हणजे जखम, इथे मी थांबतो. संध्येत न्यास असतात. हृदय, मस्तक, शेंडी, डोळे यांना क्रमाने बोटे लावून त्या त्या जागी देवता बसवायची. लहानपणी मुंज झाल्यापासून मी हे करतो आहे. ज्या कातडीला मी सकाळी देवतेचे आसन म्हणून हात लावला, ती दिवसभर सोलपटत, चुरचुरत राहिली तरी चालेल, असे मी कसे म्हणू? वडील म्हणत, पूजेची उपकरणी घासूनपुसून ठेवणे हा पूजेचाच भाग. पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात, देवाला उष्मा होतो म्हणून. पिढ्यान्पिढ्यांच्या अभिषेकांनी आणि स्पर्शाने मूर्तीची झीज होऊ लागली, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडून तिला वज्रलेप करून घेतला, २०२० मध्येही तो झाला. मी ते बातम्यांत पाहिले आणि मला भरून आले. देव अविनाशी आहे यावर श्रद्धा असलेल्या माणसांनीच दगडाच्या झिजेची एवढी काळजी घेतली.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाशीही तडजोड करत नाही. माझ्या हातात ट्यूब दिसली की काही यजमानीणबाई हळूच विचारतात, "गुरुजी, मुलीचा रंग उजळेल असे काही आहे का यात?" नाही, आणि असू नये. रंग उजळण्याच्या नावाखाली औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय नेल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये कडक स्टेरॉइड असते. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, ऊन सोसेनासे होते, गालावर लव वाढते, आणि क्रीम थांबवले की आगडोंब उसळतो. ज्या घरात सावळ्या विठ्ठलाची तसबीर आहे त्या घरात सावळ्या मुलीला असे काही लावायला देणे हे मी पाप समजतो, आणि तसे तोंडावर सांगतो. त्वचेचे रक्षण करणे वेगळे आणि त्वचेची लाज वाटणे वेगळे.

डबीतल्या जिन्नसांचाही प्रश्न आहे. मेणाचे मला काही वाटत नाही, पंचामृतात मध असतोच. पण स्क्वालेन शार्कच्या यकृताच्या तेलापासून काढत आले आहेत. आता ते उसापासून आणि ऑलिव्हपासूनही मिळते, तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच मी घेतो. प्राण्यांवर चाचणी करून सौंदर्यप्रसाधने बनवायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, हे मला फार समाधानाचे वाटते.

राहिली गोष्ट पैशाची, आणि हल्ली मला तीच जास्त छळते. चेहरा आणि मान झाकायला दोन बोटांवर लांब रेघ ओढावी एवढे सनस्क्रीन लागते, म्हणजे साधारण एक ग्रॅम, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून दोनदाच लावले तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिना पुरत नाही. मला ते परवडते. वाईच्या आसपास हळदीच्या शेतांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायकांच्या गालांवर वांग उमटलेले असते, त्यांना ते परवडत नाही. त्यांच्या वाट्याला पदर आणि पालथी पाटी.

म्हणून गेल्या काही वर्षांत मी एक बदल केला आहे. दानाचा संकल्प मी सांगतो, छत्रीवर उदक सोडतो, आणि यजमानांना म्हणतो, ही मला देऊ नका. मंडईबाहेर उन्हात भाजी घेऊन बसणारी बाई असेल, रस्त्याच्या कामावरची असेल, तिच्या हातात द्या. जमले तर शेतावर काम करणाऱ्यांना रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घेऊन द्या, ट्यूबपेक्षा त्याने जास्त रक्षण होते. आमच्या ज्येष्ठ गुरुजींना हे मान्य नाही. दान संकल्पात ज्याचे नाव त्यालाच गेले पाहिजे, पात्र बदलले की दान अपुरे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना अनुशासनपर्वातली गोष्ट पुन्हा सांगतो: पहिली छत्री मागितली गेली ती उन्हात राबून पाय पोळलेल्या बाईसाठी. ते म्हणतात, सूर्याने ती जमदग्नींच्या हाती दिली. आमचा वाद अजून मिटलेला नाही. छत्र्या मात्र आता माळ्यावर जात नाहीत.