गोठा कोणी केला?



डिसेंबर उजाडला की आपल्या रोडपाली-कळंबोलीतील घरांत मुलांची तीन-चार कामे एकदमच निघतात. शाळेचे स्नेहसंमेलन आणि त्यासाठी भाड्याचा पोशाख, 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू करून आणण्याचा गृहपाठ, एखाद्या रविवारी कर्नाळ्याची सहल. शिवाय आपल्या घरी नाताळचा तारा, फराळ आणि गोठा. आई-वडिलांची दमछाक होते, पण त्यात गंमतही असते. या सगळ्या लगबगीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हाला वाटते. पाहुणे येतात, गोठा पाहतात आणि विचारतात, "वा! कोणी केला?" आई-बाबा मुलाकडे बोट दाखवतात. मूल मात्र खाली पाहते. त्याने फक्त मेंढरे मांडली होती, आणि तीही नंतर कोणीतरी सरळ केली होती.

हे खोटे म्हणायचे का? संत थॉमस अक्वायनस यांचे उत्तर कडक आहे. खोटे जिभेने बोलले काय किंवा कृतीने दाखवले काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच. आता गोठ्याच्या कौतुकावरून कुणी पापनिवेदनाला यावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण त्या खाली गेलेल्या नजरेकडे पाहावे. नाव माझे आणि हात दुसऱ्याचे, एवढे त्या मुलाला नेमके कळलेले असते. माझ्या हातून झालेले लोकांसमोर ठेवण्याजोगे नसते, हेही त्याला त्याच वेळी कळते. ही दुसरी गोष्ट आम्हाला पहिलीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दोन प्रकारच्या कामांत फरक केला आहे. एक 'घडवणे' आणि दुसरे 'करणे'. सुतार खुर्ची घडवतो तेव्हा त्याच्या कामाचे फळ खुर्चीत असते. खुर्ची डुगडुगली तर काम फसले. पण कुणी औदार्याने वागतो तेव्हा त्या वागण्याचे फळ वागण्यातच असते, बाहेर दाखवायला वस्तू उरली नाही तरी चालते. मुलाचा गोठा यांपैकी कशात मोडतो? आपण मोठी माणसे त्याला 'घडवणे' समजतो आणि म्हणून तो सुबक व्हावा असा आपला हट्ट असतो. मुलाच्या बाजूने मात्र ते 'करणे' असते. माती कालवणे, काड्या तोडणे, बाळ येशूला कुठे ठेवायचे यावर बहिणीशी भांडणे, यातच त्याचा नाताळ सुरू झालेला असतो.

दिवाळीतल्या किल्ल्यांकडे पाहा. महाराष्ट्रात मुले जे किल्ले करतात, त्यांत अजून तरी पुष्कळ ठिकाणी मोठ्यांचा हात कमी असतो. दगड, विटांचे तुकडे, पोत्यावर थापलेला चिखल, त्यावर पेरलेले अळीव, आणि बुरुजापेक्षा उंच मावळा! प्रमाण चुकले म्हणून कुणी तो मावळा काढून ठेवत नाही. गोठ्याच्या वाट्याला मात्र आपण बाजारातून आणलेला तयार देखावा आणि चिनी दिव्यांची माळ दिली. पूर्वी थर्माकोल होता. २०१८ च्या राज्यव्यापी बंदीत सजावटीचा थर्माकोलही आला, पण त्याची जागा मातीने घेतली नाही, दुसऱ्या कशाने तरी घेतली.

मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या. मोठा माणूस काम संपवण्यासाठी काम करतो आणि मूल स्वतः घडण्यासाठी, असे त्या सांगत. म्हणूनच मूल संपलेले काम मोडून पुन्हा सुरू करते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर हेच केले. महागडी शैक्षणिक साधने त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, खडे घेतले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणावरच शाळा नेली. त्या मुलांनी केलेल्या वस्तू कुठल्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी नव्हत्या.

सहलीचेही तसेच. कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ पासून आहे आणि पनवेलच्या अगदी उंबरठ्यावर आहे. थंडीत तिथे पाहुणे पक्षी उतरतात. आपण किल्ल्याच्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्यापर्यंत पोहोचायचे ठरवून निघतो, आणि मूल पहिल्याच वळणावर मुंग्यांच्या रांगेपाशी बसते. "चल, उशीर होतोय!" परत आल्यावर आपण "कर्नाळा केला" असे म्हणतो. भाषाच किती बोलकी आहे पाहा. डोंगरसुद्धा आपण उरकून टाकतो.

स्नेहसंमेलनाबद्दल फार लिहीत नाही. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचे आई-वडील काय लिहायचे ते जाणतातच.

यावर आम्हाला एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो खोटा नाही. "फादर, नवरा तळोज्याला दुसऱ्या पाळीवर, मी रात्रपाळी करून आलेली नर्स, घर एका खोलीचे. मुलाला चिखल कुठे कालवू देऊ? मी अर्ध्या तासात करून टाकते, झोपायला तरी मिळते." थकलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते, म्हणून आम्ही तो करत नाही. एवढेच विचारतो, की गोठा इतका मोठा हवाच कशाला? बुटांच्या खोक्यातला चालेल. करंज्या करताना दहा करंज्यांपुरते कातणे मुलाच्या हाती द्यावे. त्या दहा वाकड्या होतील, दोन तेलात फुटतील. त्या डब्याच्या तळाशी लपवू नयेत. आणि मुलाला एकटे सोडून देणे हाही उपाय नव्हे. त्याला मदत हवीच असते. फक्त मदतीचा हात त्याच्या हाताशेजारी असावा, त्याच्या हाताच्या जागी नसावा.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी पहिला गोठा केला, तेव्हा त्यात पुतळे नव्हतेच. गवत होते, बैल आणि गाढव होते, आणि हातात मशाली घेऊन आलेले गावकरी होते. तिथे मिस्सा झाली. नंतर गवत लोकांनी घरी नेले. दाखवायला काही उरले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोहून गोठ्याविषयी पत्र लिहिले. गोठा कसा मांडला याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो का हे महत्त्वाचे, असा त्यातील एका परिच्छेदाचा आशय आहे. गोठ्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी तेवढा परिच्छेद वाचून मगच घरोघर जावे, ही आमची विनंती. आणि गेल्यावर प्रश्न मुलाला विचारावेत. हा उंट इथे का? राजे अजून कपाटावर का? उत्तर आईने द्यायचे नाही.

गोव्याकडील आपली कुटुंबे गोठ्यासाठी वाट्यांत नाचणी रुजवतात. वसईकर, अहिल्यानगरकर, केरळी, सर्वांनीच यंदा करून पाहावे. मूठभर नाचणी रात्री भिजत घालावी, वाटीत माती घेऊन पंधरा डिसेंबरच्या सुमारास पेरावी आणि खिडकीत ठेवावी. पाणी मुलानेच घालायचे. काही मुले जास्त पाणी घालतील आणि नाचणी कुजेल. नाताळच्या आदल्या रात्री मिस्सेला येताना सर्वांनी आपापल्या वाट्या आणाव्यात, उगवलेल्या आणि न उगवलेल्याही. वेदीसमोरच्या गोठ्याभोवती जागा मोकळी ठेवलेली असेल.