घमेल्यातील कासव आणि आपली अमानत

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने भूमीवर चालणाऱ्या प्रत्येक जीवाच्या अन्नाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात असरच्या नमाजनंतर नळदुर्गच्या आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगा मशिदीच्या पायरीशी घमेले घेऊन उभा होता. त्यात बोरी नदीच्या काठी सापडलेले तळहाताएवढे पाणकासव होते. वडील म्हणाले, “मौलाना, पोराचा हट्ट आहे. घरात पाळले तर चालेल ना?” मी घाईत होतो. कासव खाण्याविषयी हनफी फिक्हचे मत मला पाठ होते. पाळण्याविषयी मी कधी विचार केला नव्हता. “खाऊ-पिऊ घाला, त्रास देऊ नका, म्हणजे झाले,” असे सांगून मी चालता झालो.

हिवाळा सरता सरता ते कासव मेले. मुलाने मला विचारले, “ते कयामतच्या दिवशी माझी तक्रार करेल का?” बालिग होईपर्यंत मुलाच्या कर्मांची नोंद होत नाही, हे मी त्याला सांगितले व तो निश्चिंत झाला. त्याचे वडील आणि मी मात्र कधीच बालिग झालो आहोत. म्हणून हा लेख.

माझे उत्तर अगदीच निराधार नव्हते. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहानसा पक्षी पाळला होता. पक्षी मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या उदास मुलाची मायेने विचारपूस केली. पक्षी पाळल्याबद्दल मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना बोल लावला नाही. यावरूनच अनेक उलमांनी, नीट सांभाळ होत असेल तर प्राणी पाळणे वैध मानले आहे. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत मांजराला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीसही आहे. आपण तिचा पहिलाच भाग लक्षात ठेवतो, की तिने मांजराला अन्न दिले नाही. दुसरा भाग असा, की जमिनीवरचे किडे-कीटक खाऊन जगायलाही तिने त्याला मोकळे सोडले नाही. म्हणजे ज्या क्षणी आपण जीवाला कोंडतो, त्या क्षणी त्याची प्रत्येक गरज आपल्या मानेवर येते. आपल्याला माहीत असलेली आणि माहीत नसलेलीसुद्धा.

त्या घरात प्रेमाची कमतरता नव्हती. मुलगा स्वतःच्या ताटातली चपाती आणि भात कासवाला घालत असे. परंतु कासवाचे कवच म्हणजे वर ठेवलेले झाकण नव्हे. ते त्याच्या बरगड्यांचे आणि मणक्याचेच हाड आहे. उन्हाचा थेट स्पर्श व चुनायुक्त आहार नसेल तर ते हाड मऊ पडत जाते. पाणकासव नदीत गोगलगायी, किडे, लहान मासे, वनस्पती खाते. पाणी आटले की चिखलात स्वतःला पुरून घेते. मोरीजवळच्या प्लास्टिकच्या टबात यातले काय होते? शिवाय कासवांच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुले त्यामुळे आजारी पडतात, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

मला तेव्हा ठाऊक नव्हते, की हे पाणकासव आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले तारा कासव, दोन्ही आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडून घरी ठेवणे हा गुन्हा असून शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. कोणी म्हणेल, रानातला जीव मुबाह, जो पकडेल त्याचा. परंतु ज्या देशाचे नागरिक म्हणून आपण राहतो, त्याच्याशी आपला करार आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. काही घरांत कासव मुलासाठी नव्हे, बरकतीसाठी येते. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, या भूलथापेपायी महाराष्ट्रात कासवांची तस्करी होते, आणि गिऱ्हाइकांत आपली माणसे नसतातच असे मला म्हणवत नाही. रिज्क देणारा अल्लाह आहे. मुक्या जीवाच्या नखांत नफा-नुकसान शोधणे तौहीदला तडा देणारे आहे. इथे मी मवाळ शब्द वापरणार नाही.

परदेशातील वाचकांकडे वेगळा प्रश्न असतो. अमेरिकेत काही लोक बॉक्स टर्टल पाळतात. पोटाकडच्या बिजागरीने कवच पेटीसारखे मिटणारे हे कासव पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. आयुष्यभर ते एकाच लहानशा परिसरात राहते आणि दूर नेऊन सोडले तर जुन्या जागेकडे परतू पाहते. तेथील कायदा परवानगी देत असेल, तरी दहा वर्षांच्या मुलाला ते घेऊन देताना त्याच्या साठीपर्यंतचा विचार करावा. ही अमानत आहे. अंगणच नसलेल्या घरात मी तरी तिला होकार देणार नाही.

आपल्याकडे मत्स्यपेटीच्या दुकानांत मिळणारे, कानामागे लाल पट्टा असलेले कासव अमेरिकेतलेच. ते मोठे झाले, पाणी घाण करू लागले, की लोक सवाब समजून तळ्यात सोडतात. तसे करू नका. ते इथल्या कासवांचे अन्न व जागा बळकावते. घरात असेलच तर ऊन, खोल पाणी, योग्य आहार देऊन शेवटपर्यंत सांभाळा. घरी रानातले कासव असेल किंवा जखमी कासव दिसले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

यंदाच्या पावसाळ्यात तोच मुलगा पुन्हा आला. किल्ल्याच्या बाजूला, बोरीच्या पाण्यालगत दगडावर एक कासव ऊन खात बसले होते म्हणे. हात रिकामे होते. कुठे बसले होते, एवढेच त्याला मला दाखवायचे होते.