आपल्याच पानांवर उभी वनस्पती

लव्हाळा आणि नागरमोथा यांच्याच मुस्तक कुलातील कॅरेक्स स्ट्रिक्टा ही बहुवर्षायू वनस्पती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पाणथळ कुरणांत वाढते. दुरून ती गवतच वाटते. परंतु खोड बोटांत धरून फिरवले की त्याच्या तीन कडा हाताला लागतात, ते आतून भरीव असल्याचे कळते आणि पाने तीन रांगांत निघालेली दिसतात. फुलांना पाकळ्या नसतात, कारण परागण वाऱ्यावर सोपवलेले असते. शेंड्याकडील कणिशांत, म्हणजे बिनदेठाच्या फुलांच्या तुऱ्यांत, नर-फुले येतात आणि खालच्या कणिशांत मादी-फुले. यातील प्रत्येक मादी-फूल एका इवल्याशा बंद पिशवीत असते व तिच्या टोकातून पराग झेलणारे दोन किंजल्क तेवढे बाहेर येतात. कॅरेक्स प्रजातीच्या सुमारे 2,000 जाती वेगळ्या ओळखताना अभ्यासकांची मोठी भिस्त या पिशवीवरच असते.

ओळख पटवायला एवढे पुरते, पण या वनस्पतीचा स्वभाव कळतो तो वर्णनग्रंथ एखाद्या शब्दात उरकतात त्या तिच्या ठोंबावरून. मूलक्षोडापासून, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडापासून, फुटणारे काही कोंब दूर पसरतात, तर बरेचसे जागच्या जागी दाटीने वर चढतात; जुन्या पानांचे तळ फाटून त्यांचे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे तंतू उरतात, त्यांत नवी मुळे गुंततात, आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायू तुटपुंजा असल्याने हा गुंता सावकाश कुजतो. अशा रीतीने काही दशकांत फूटभर किंवा त्याहून उंच ठोंब उभा राहतो आणि हिरवे कोंब पुराच्या पाण्याच्या वर राहतात. त्याच्या उतारांवर इतर वनस्पतीही रुजतात. वनस्पती कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हा प्रश्न येथे निव्वळ तात्त्विक राहत नाही, कारण ठोंबाचा बहुतांश भाग मृत असूनही जिवंत भाग त्याच्याच आधाराने टिकतो.

म्हणूनच चर खणून कुरणातले पाणी काढले, की हवा शिरून ठोंब झपाट्याने कुजू लागतो, जरी वरची पाने काही काळ हिरवीच दिसत असली तरी. उलट, उजाड पाणथळीत याच जातीची रोपे लावणे शक्य असले, तरी ठोंब लावता येत नाहीत. पुनरुज्जीवित म्हणून नोंदली गेलेली कुरणे त्यामुळे वर्षानुवर्षे सपाटच राहतात.