चूक दुरुस्त केली की पुसली?

काही वर्षांपूर्वी मी एका न्यूज पोर्टलच्या डेस्कवर रात्रपाळी करत होते. रात्री माणूस एकच. वार्ताहराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली बातमी लिहायची, फोटो शोधायचा, व्हिडिओ कापायचा आणि नोटिफिकेशन सोडायचं. छापील पेपरात या कामांना वेगवेगळी माणसं असायची, आणि त्यातलं एखादं तरी ‘थांब जरा’ म्हणायचं. आमच्याकडे ते म्हणणारीही मीच होते, पण ऐकायला मला वेळ नव्हता.

एका रात्री फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाची बातमी आली. फोटो नव्हता. फेसबुकवर त्याच नावाचा, त्याच तालुक्यातला माणूस सापडला. मी त्याचा फोटो लावला. चाळीस मिनिटांनी वार्ताहराचा फोन: “मॅडम, हा तो नव्हेच. हे तर शाळेत मास्तर आहेत.” मी फोटो बदलला. लिंक तीच राहिली. वरिष्ठ म्हणाले, “दुरुस्त केलंस ना? मग विषय संपला.” चूक झाली होती, असं खाली कुठेही लिहिलं नाही.

सकाळी मास्तरांचा फोन. गावातल्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरत होता. मी म्हटलं, “सर, आम्ही लगेच काढला.” ते म्हणाले, “तेच तर. आता लोक म्हणतात, मास्तरने ओळख लावून फोटो बदलून घेतला. तुम्ही चुकलात हे तुम्हीच लिहा ना, ताई. मला दाखवता येईल.”

हे मला सुचलंच नव्हतं. आमची लाज झाकताना मी त्यांच्या हातातला एकमेव पुरावा काढून घेतला होता.

२०१८च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारलं. ती अफवा होती, बातमी नव्हे. पण आमच्या स्क्रीनशॉटवर तर लोगो होता.

वरिष्ठांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दिलगिरी छापली की ज्यांनी मूळ फोटो पाहिलाच नाही, त्यांनाही तो किस्सा कळतो. खरंय. पण ते ठरवायचा हक्क मास्तरांचा होता. त्यांना कुणी विचारलंच नाही.

कायद्याकडे बघावं तर प्रेस कौन्सिलचा अधिकार वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता. २०२१च्या आयटी नियमांत तक्रारीला १५ दिवसांची मुदत होती; त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला अंतरिम स्थगिती दिली. मला ती स्थगिती पटते, कारण बातम्यांवर सरकारची नजर नकोच. पण त्यामुळे आमच्यावरची जबाबदारी वाढली, हे आम्ही सोयीने विसरलो. आणि तसंही, चाळीस मिनिटांत झालेल्या नुकसानाला १५ दिवस काय कामाचे?

दुसऱ्या रात्री मी कुणाला न विचारता बातमीखाली लिहिलं: ‘या बातमीत आधी चुकीच्या व्यक्तीचा फोटो लागला होता. त्या व्यक्तीचा या गुन्ह्याशी काहीही संबंध नाही. चूक आमची.’ मास्तरांना लिंक पाठवली.

सकाळपर्यंत वरिष्ठांनी ते काढून टाकलं होतं. घाबरत घाबरत मी मास्तरांना फोन केला.

“असू द्या,” ते म्हणाले. “मी रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.”