एकाच शक्तीचीं दोन मुखें

समुद्रमंथनाच्या कथेंत हलाहल आणि अमृत हीं दोन्ही एकाच सागरांतून निघालीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण कथेंतला खरा नैतिक प्रश्न त्यापुढचा आहे. दोहोंचा उगम एक आहे हें कळल्यावर माणसानें तटस्थपणें पाहत राहावें, कीं कांहीं निर्णय द्यावा?

हा प्रश्न एका विलक्षण संगीतकृतींत मूर्तिमंत झालेला दिसतो. जर्मनींतील ड्यूसेलडॉर्फ येथील ‘क्राफ्टवेर्क’ या वादकमंडळीनें १९७५ सालीं ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी’ नांवाचा गीतसंग्रह काढला. त्याच्या आरंभीं किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर यंत्राची टिकटिक ऐकूं येते. ती जलद होत जाते आणि तिचाच ठेका धरून मुख्य गीत सुरू होतें. वाद्यें विजेवर चालणारीं, स्वर थंड आणि काळोखा. नांवांतच श्लेष आहे : एक अर्थ नभोवाणीचा व्यवहार, दुसरा अणूंतून निघणारा किरणोत्सर्ग. दोन्ही अदृश्य, दोन्ही भिंतींना न जुमानणारे. वेष्टनावर नाझी काळांतील एका स्वस्त रेडिओचें चित्र आहे. अशाच पेट्यांतून त्या राजवटीचा विखार घरोघर पोंचला, आणि त्याच पेट्यांतून संगीतही वाजत असे.

मूळ गीतानें या शक्तीला चांगलें म्हटलें नाहीं, वाईटही म्हटलें नाहीं. पुढें १९७९ सालीं अमेरिकेंतील हॅरिसबर्गजवळ आणि १९८६ सालीं चेर्नोबिल येथें अपघात झाले. १९९१ सालीं मंडळीनें तेंच गीत नव्यानें मुद्रित केलें. त्यांत चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड आणि हिरोशिमा हीं नांवें घातलीं आणि हें थांबवा, असा स्पष्ट आदेश जोडला. २०१२ सालीं जपानांतील अणुशक्तिविरोधी संगीतसभेंत त्यांनीं फुकुशिमाचेंही नांव घेतलें.

रसिक म्हणतील, येथें कला संपली आणि उपदेश सुरू झाला. नीतिवादी म्हणतील, पहिलें मौन हेंच पाप होतें. मला दोघांचेंही म्हणणें अपुरें वाटतें. अणूला नीति नाहीं. तेव्हां त्याचें वर्णन निर्विकारपणें करण्यांत कांहीं चूक नाहीं. परंतु माणूस म्हणजे अणु नव्हे. सुखदुःखें समान मानण्याचा उपदेश गीतेंत अर्जुनाला केला आहे खरा, पण तो रथांत स्वस्थ बसून राहावा म्हणून नव्हे, उठावा म्हणून. समबुद्धि आणि उदासीनता यांचें तोंडावळ्यानें साम्य असलें, तरी त्यांचें कूळ एक नाहीं.

मग ‘थांबवा’ हें उत्तर पुरेसें आहे काय? १९४१ सालीं परळ येथें सुरू झालेल्या टाटा रुग्णालयांत कर्करोग्यांवर किरणांचेच उपचार होतात. तेथें बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुलाच्या आईला हा शब्द कोण ऐकवील? मेरी क्यूरीबाईंनीं १८९८ सालीं पतीसह रेडियमचा शोध लावला, पहिल्या महायुद्धांत क्ष-किरणांच्या गाड्या जखमी सैनिकांपर्यंत नेल्या, आणि १९३४ सालीं बहुधा किरणांनींच जडलेल्या रक्तविकारानें त्या वारल्या. त्यांच्या वह्या अद्यापि शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. एकाच आयुष्यांत वर आणि शाप असे शेजारीं नांदले.

माझ्या मतें नव्या गीताचें खरें बळ त्या आदेशांत नाहीं, गांवांच्या नांवांत आहे. ‘शक्ति’ या कल्पनेविषयीं तटस्थ राहतां येतें. ज्या गांवांत माणसें राहत होतीं त्या गांवाविषयीं राहतां येत नाहीं. मात्र ज्याला प्रामाणिक हिशेब मांडावयाचा आहे, त्यानें दोन्ही याद्या ठेवाव्या : एकींत चेर्नोबिल, दुसरींत परळ. आणि प्रत्येक उपयोगापुढें ‘होय’ कीं ‘नाहीं’ याचा निवाडा नव्यानें करावा. हें काम कंटाळवाणें आहे. एका शब्दांत तें कधींच आटोपत नाहीं.

शंकरानें हलाहलाला अमृत म्हटलें नाहीं आणि सागरालाही दोष दिला नाहीं. तें कोठें ठेवावयाचें, एवढें त्यानें ठरविलें, आणि त्याचा दाह स्वतःच्या कंठांत सोसला.